चिठ्ठी आडवी लावा

हातात काम असेल तर ते चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आजचं बोलणं कामाबद्दलच आहे. आपण दहा-पंधरा जणी मिळून एखादी ऑर्डर अंगावर घेतो. ती वेळेत आणि चांगली कशी पुरी करायची, आणि ती करताना आपल्यातली एखादी मनातून तुटू नये म्हणून काय करायचं, त्याबद्दल.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो. आम्ही म्हणजे कोण, तर आमच्या गावातल्या गटाच्या समन्वयक, अध्यक्ष, सचिव आणि बाकीच्या सगळ्या, मिळून चौदा जणी.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला आम्हाला शहरातून ८० किलो चकलीची ऑर्डर मिळाली. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. श्रावणातच बैठक घेतली, वहीत सगळं लिहून काढलं. कुणी तांदूळ-डाळी धुवायच्या, कुणी भाजायच्या, कुणी दळून आणायच्या, कुणी तळायचं, कुणी पाकिटं भरायची. तारखा घातल्या, सह्या-अंगठे झाले. वही कपाटात गेली. मग भाजणी सगळीच्या सगळी एकदम केली. चकल्याही एकदम तळल्या. शेवटचे दोन दिवस रात्री अकरा-अकरापर्यंत पाकिटं भरली आणि टेंपोत चढवून दिली.

आठ दिवसांनी ३२ किलो माल परत आला. चकल्या सादळल्या होत्या. घाईत कोमटच भरल्या होत्या, वाफ आत कोंडली. शिवाय बऱ्याच घरांतून निरोप आला की फार तिखट आहे, मुलं खात नाहीत. किलोला ४०० रुपये धरले तर १२,८०० रुपयांचा फटका. चौदा जणींत वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला नऊशेच्या वर. दोन महिने अंतर्गत कर्जाचे हप्ते रखडले, आणि बैठकीत एकमेकींच्या तोंडाकडे बघायची चोरी झाली. 'मी सांगितलं होतं गरम भरू नका,' असं तिघीजणी म्हणाल्या. पण सांगितलं कधी होतं? रात्री अकराला. आणि ऐकायला कोण होतं? सगळ्यांची मान पाकिटात.

आता या चकलीचा आणि पुण्याच्या संगणक कंपन्यांचा काय संबंध, ते सांगतो.

आमच्या गटातल्या एका मावशींची लेक हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. २०२० साली लॉकडाऊन लागलं तेव्हा ती घरी येऊन गावातूनच काम करत होती. मावशी सांगायच्या, रोज सकाळी ठरल्या वेळी पोरगी लॅपटॉपसमोर बसायची आणि तीनच गोष्टी बोलायची. काल काय केलं, आज काय करणार, आणि माझं कुठे अडलंय. दहा-पंधरा मिनिटांत बोलणं संपायचं. मावशींना वाटायचं, ही रोज कुणाला हजेरी देते? लेक म्हणाली, 'आई, ही हजेरी नाही. आम्ही सात जणं एकमेकांना सांगतो, म्हणजे कुणाचं काम कुणासाठी थांबू नये.'

चकलीची फजिती झाल्यावर मावशींना ते आठवलं. लेक संक्रांतीला आली तेव्हा आम्ही तिला समाजमंदिरात बसवलं आणि म्हटलं, बाई, तुमची ती पद्धत आम्हाला समजावून सांग. तिने सांगितलं, आम्हीही आणखी विचारलं, वाचलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

या पद्धतीला अ‍ॅजाइल म्हणतात. म्हणजे चपळ. काम उरकायची घाई असा त्याचा अर्थ नाही. खड्डा दिसला की बैल वळवता यावा, ती चपळाई.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ डोंगरातल्या ठिकाणी सतरा जण जमले. संगणकाचे प्रोग्राम तयार करणारे, सगळे पुरुष. त्यांचं दुखणं आपल्यासारखंच होतं. मोठमोठे आराखडे व्हायचे, जाडजूड कागद तयार व्हायचे, वर्ष-दोन वर्षं काम चालायचं, आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणायचं, आम्हाला हे नको होतं. म्हणजे आमची चकलीच. त्या सतरा जणांनी एक जाहीरनामा लिहिला. त्याचा सार आपल्या शब्दांत असा. नियम आणि साधनं हवीतच, पण माणसांचं एकमेकांशी बोलणं त्याहून मोलाचं. कागद हवेत, पण चालणारं काम त्याहून मोलाचं. करारनामा हवा, पण गिऱ्हाइकाला सोबत घेणं त्याहून मोलाचं. आराखडा हवा, पण वेळेला बदलता येणं त्याहून मोलाचं. यात वही फेकून द्या असं कुठेही म्हटलेलं नाही. वही कपाटात बंद करून विसरू नका, एवढंच.

यातल्या बऱ्याच गोष्टी त्याच्याही आधीच्या आहेत, आणि त्या कारखान्यातून आल्या आहेत. जपानमध्ये टोयोटा ही मोटारी बनवणारी कंपनी. तिथे ताइची ओनो नावाचे इंजिनिअर होते. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची पद्धत त्यांच्या डोक्यात बसली. फळीवरून गिऱ्हाइकाने जेवढं उचललं तेवढंच दुकानदार पुन्हा भरतो, उगाच ढीग लावत नाही. ओनोंनी कारखान्यात तसंच केलं. पुढच्या कामगाराला जेवढे सुटे भाग लागतील तेवढेच मागच्याने बनवायचे, आणि ती मागणी एका चिठ्ठीने कळवायची. त्या चिठ्ठीला कानबान म्हणतात. चिठ्ठी आली तर माल बनवायचा, नाहीतर नाही.

त्याच कारखान्यात आणखी एक गोष्ट होती, ती आम्हाला सगळ्यात जास्त भावली. कामाच्या रांगेच्या बाजूने एक दोरी असते. कुठल्याही साध्या कामगाराला काही चूक दिसली, काही अडलं, तर त्याने दोरी ओढायची. मग वरचा माणूस धावत मदतीला येतो. तेवढ्यात अडचण सुटली नाही तर अख्खी रांग थांबते. विचार करा. मोटारीच्या कारखान्यात शेवटच्या माणसाच्या हातात काम थांबवायचा अधिकार! कारण चूक तिथल्या तिथे धरली तर एक गाडी दुरुस्त करावी लागते, पुढे जाऊ दिली तर शंभर. आमच्या त्या रात्री अकरा वाजता अशी दोरी असती, तर ३२ किलो माल वाचला असता.

तिसरी गोष्ट १९८६ सालची. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी एक लेख लिहिला. नवीन वस्तू झटपट तयार करणाऱ्या कंपन्या कशा काम करतात, ते त्यांनी पाहिलं. त्यांचं म्हणणं असं, की एकाने धावून पुढच्याच्या हाती काठी द्यायची ही शर्यत इथे चालत नाही. रग्बीच्या खेळात सगळा संघ मिळून चेंडू पुढे नेतो, तसं काम करायला हवं. रग्बीतला स्क्रम हा शब्द तिथूनच या कामात आला. पुढे १९९५ मध्ये केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी त्या नावाने कामाची रीतच मांडली. संघ लहान, साधारण दहा किंवा त्याहून कमी माणसांचा. कामाचे लहान टप्पे, जास्तीत जास्त महिन्याभराचे. रोजची पंधरा मिनिटांची भेट. टप्प्याच्या शेवटी तयार काम गिऱ्हाइकाला दाखवायचं. आणि मग सगळ्यांनी बसून मागे वळून बघायचं, की काय चांगलं झालं, काय चुकलं, पुढच्या टप्प्यात काय बदलू या.

मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्ही म्हणाल, हे बड्या लोकांचे खेळ. पण बड्या लोकांचंही किती मोठं फसतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत एफबीआय नावाची केंद्र सरकारची तपास यंत्रणा आहे, आपल्याकडे सीबीआय आहे तशी. तिला आपल्या तपासाच्या कागदी फायली संगणकावर आणायच्या होत्या. पहिला प्रयत्न २००५ मध्ये सोडून द्यावा लागला. तोवर १७ कोटी डॉलर खर्च झाले होते, हातात काही आलं नव्हतं. मग २००६ मध्ये सेंटिनेल नावाने दुसरं काम सुरू झालं. चार भागांत व्हायचं होतं, २००९ च्या शेवटी संपायचं होतं. २०१० च्या ऑगस्टपर्यंत एकूण ४५ कोटी १० लाख डॉलरपैकी जवळजवळ ४० कोटी ५० लाख संपले होते, आणि चारातले दोनच भाग झाले होते.

तेव्हा एफबीआयने काम ठेकेदाराकडून आपल्या हाती घेतलं. माणसं कमी केली. उरलेल्या कामाची लहान लहान तुकड्यांत यादी केली, आणि दोन-दोन आठवड्यांचे टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी जे झालं ते चालवून दाखवायचं. कागदावरचे अहवाल पुरे झाले, चालू यंत्र दाखवा, असं. २०११ च्या शरद ऋतूत चाचणी घेतली तेव्हा यंत्रणा बंद पडली, जुनी उपकरणं पुरी पडत नव्हती. म्हणून आणखी उशीर झाला. पण अडचण चाचणीतच कळली. १ जुलै २०१२ ला नवी यंत्रणा सगळ्यांसाठी सुरू झाली, आणि तीही ठरलेल्या रकमेच्या आत. म्हणजे या पद्धतीने सगळं वेळेत होतं असं नाही. चूक लवकर दिसते, तोवर ती लहान असते.

आता आमच्याकडे येतो. पुढच्या दिवाळीला दुसऱ्या एका वस्तीतून ६० किलोची ऑर्डर आली. या वेळी आम्ही पद्धत बदलली.

समाजमंदिराच्या भिंतीला एक प्लायवूडची फळी टांगली. खडूने तीन रकाने आखले. 'करायचं', 'चाललंय', 'झालं'. एक काम म्हणजे एक चिठ्ठी. आमच्यातल्या पाच जणींना वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर चित्र काढलं. कढई, जातं, पाकीट. आणि काम कुणाचं हे कळण्यासाठी टिकल्यांची पाकिटं आणली. प्रत्येकीची टिकली वेगळी. कुणाची लाल गोल, कुणाची हिरवी लांब, कुणाची खड्याची. चिठ्ठीवर आपली टिकली लावली की काम आपलं. आणि नियम केला, काम अडलं की चिठ्ठी आडवी लावायची. तीच आमची दोरी.

६० किलो एकदम करायचे नाहीत, हे पक्कं ठरवलं. नवरात्रात आधी दोन किलो नमुना केला आणि तीन घरांत पाठवला. दुसऱ्याच दिवशी फोन आला, तिखट निम्मं करा, आणि पाकीट किलोचं नको, अर्ध्या किलोचं द्या. एक फोन, आणि मागच्या वर्षीचं अर्धं दुखणं तिथेच संपलं. मग १५ किलोचा एक, असे चार टप्पे पाडले. प्रत्येक टप्पा पाच दिवसांचा.

पहिला टप्पा छान गेला. दुसऱ्या टप्प्यात आमचं चुकलं. आमचं म्हणजे समन्वयक आणि पदाधिकारी मंडळींचं. ते नीट सांगतो, कारण या बोलण्यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे.

आम्ही त्या फळीसमोर रोज सकाळी उभं राहू लागलो आणि विचारू लागलो, 'का झालं नाही?' प्रश्न साधाच. पण सगळ्यांसमोर, आणि बोट चिठ्ठीवर. आमच्या लक्षातच आलं नाही की आम्ही मुकादमासारखं बोलतोय. एका ताईंची तळणीची चिठ्ठी 'चाललंय' मध्ये चार दिवस तशीच राहिली. उभी. चौथ्या दिवशी आम्ही म्हणालो, 'ताई, तुमच्यामुळे सगळ्यांचं थांबलंय.' त्या काही बोलल्या नाहीत. पदर सारखा केला आणि भाजणीच्या डब्याकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

त्याहून वाईट पुढे झालं. बाकीच्या शहाण्या झाल्या. सकाळी बोलणी खायला नकोत म्हणून संध्याकाळीच चिठ्ठ्या 'झालं' मध्ये सरकवायला लागल्या. काम पुरं झालेलं नसतानाच. पॅकिंगची चिठ्ठी 'झालं' मध्ये गेली होती, मग रात्री चकल्या कोमट असतानाच भरल्या गेल्या. आठवड्यात फोन आला, तीन किलो सादळली. फळी होती, चिठ्ठ्या होत्या, रोजची भेट होती, टिकल्या होत्या. आणि चूक तीच, मागच्या वर्षीची.

मावशींच्या लेकीला फोन केला. ती हसली. म्हणाली, मोठ्या कंपन्यांतही हेच होतं. नवी नावं येतात, भिंतीवर रंगीत कागद येतात, पण साहेब साहेबच राहतो. रोजच्या भेटीत माणसं एकमेकांशी बोलायच्या ऐवजी साहेबाकडे बघून बोलतात. मग खरं कुणी सांगत नाही. साहेबाचं वागणं बदललं नाही तर पद्धत बदलून काही होत नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघी त्या ताईंच्या घरी गेलो. हिशेब विचारायला नाही, चहा प्यायला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी सांगितलं. सिलिंडर संपला होता. भरायला घरातून पैसे मिळाले नव्हते. त्या चुलीवर तळायचा प्रयत्न करत होत्या, पण लाकडं ओली, आच सारखी राहीना. चकली बाहेरून काळी आणि आत कच्ची. दोन घाणे त्यांनी गुपचूप स्वतःच्या पैशाने भरून काढले होते. 'चौदा जणींसमोर घरातलं काय सांगू?' एवढंच म्हणाल्या.

आम्ही तिथे बसल्या बसल्या मनात हिशेब केला, आणि आम्हाला आमचीच लाज वाटली. भाजणीचा खर्च आमच्या वहीत होता, तेलाचा होता, पाकिटांचा होता, टेंपोचा होता. गॅसचा नव्हता. ज्यांच्याकडे तळणी होती त्या सगळ्याजणी आपापल्या घरचा गॅस जाळत होत्या, आणि तो खर्च गटाने कधी विचारलाच नव्हता. ज्यांना परवडला त्या गप्प राहिल्या. जिला परवडला नाही तिला आम्ही सगळ्यांसमोर बोललो. म्हणजे त्या चिठ्ठीने ताईंची चूक दाखवली नव्हती, आमच्या वहीतली चूक दाखवली होती. आम्हालाच ती वाचता आली नाही.

संध्याकाळी बैठक बोलावली. ती मागे वळून बघायची बैठक. त्यात पहिलं बोलायचं ते आम्हीच बोललो. आम्ही चुकलो, असं सरळ सांगितलं. ताईंच्या घरातलं काही काढलं नाही, फक्त गॅसचा खर्च वहीत नव्हता एवढं मांडलं. तेव्हा तळणीवाल्या आणखी दोघी म्हणाल्या, आम्हालाही जड जात होतं. मग सगळ्यांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. त्या तुम्हाला सांगतो, तुमच्या कामात बसतील तशा घ्या.

पहिली गोष्ट, प्रश्न बदलला. 'का झालं नाही' हा प्रश्न बंद. त्याऐवजी 'काय अडलंय, आणि कोण हात लावेल?' आणि हा प्रश्न अध्यक्षांनी किंवा समन्वयकांनी विचारायचा नाही. रोज एकीची पाळी, टिकल्यांच्या क्रमाने.

दुसरी गोष्ट, चिठ्ठी आडवी लावणारीला कारण सांगायची सक्ती नाही. सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर तिने तिच्या जोडीदारणीला सांगायचं. प्रत्येकीला एक जोडीदारीण ठरवून दिली. जोडीदारणीने फक्त एवढंच सांगायचं, की मदत काय हवी.

तिसरी गोष्ट, 'झालं' म्हणजे काय ते फळीवरच चित्रांनी काढलं. चकली हाताला गार लागली, पाकीट काट्यावर तोललं, तोंड बंद केलं, तारखेची चिकटपट्टी लावली. या चारही गोष्टी झाल्या तरच चिठ्ठी तिसऱ्या रकान्यात. आणि ती सरकवायची काम करणारीने नव्हे, तिच्या जोडीदारणीने पाहून.

चौथी गोष्ट, मधल्या रकान्यात एका वेळी चारच चिठ्ठ्या. पाचवं काम हाती घ्यायचं असेल तर आधी चारातलं एक पुरं करायला मदत करा. याने फार फरक पडला. आपल्याला सवय असते, सगळं सुरू करून ठेवायचं. एक डाळ भिजत, एक भाजत, एक चक्कीवर, आणि पुरं एकही नाही. सुरू केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, संपवलेल्या कामाचे मिळतात.

पाचवी गोष्ट, गॅसचा खर्च वहीत आला. घाण्यामागे किती गॅस जातो ते मोजलं आणि चकलीचा भाव धरताना तो धरला. तळणीवाल्यांना त्याचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला दिले.

आणि सहावी गोष्ट, रोजची भेट आम्ही मोडली. हो, मोडली. सोयाबीनची काढणी सुरू झाली होती. सकाळी सातला बाया शेताच्या वाटेला लागतात, फळीसमोर कोण येणार? पंधरा मिनिटं रोज, असं पुस्तकात आहे म्हणून ते ओढत बसलो नाही. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, दिवे लागल्यावर भेटायचं ठरवलं. आपल्या शेतीच्या दिवसांत जे बसत नाही ते धरून ठेवणं ही चपळाई नव्हे.

पण मैत्रिणींनो, एक सांभाळा. सगळंच बदलतं ठेवायचं नसतं. आपली पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे, ही दर पंधरा दिवसांनी बदलायची गोष्ट नाही. पैशाचे नियम पक्के, कामाची रीत लवचिक. बचतीची तारीख 'बघू, जमेल तसं' अशी ठेवली तर गट बुडतो. चकलीचं तिखट मात्र गिऱ्हाईक सांगेल तसंच ठेवावं लागतं. कुठे घट्ट धरायचं आणि कुठे सैल सोडायचं हे आपल्याला नवं नाही. चकलीच्या पिठाला मोहन घालताना हेच करतो. जास्त झालं की चकली तेलात फुटते, कमी पडलं की कडक होते.

तर ते ६० किलो दिवाळीच्या चार दिवस आधी पोचले. परत आली ती दुसऱ्या टप्प्यातली तीन किलोच. त्यानंतरच्या दोन टप्प्यांत एकही पाकीट परत आलं नाही. रात्री अकरापर्यंत कुणीही बसलं नाही. गॅसचे पैसे धरून, सगळा खर्च जाऊन जे उरलं ते वाटून घेतलं आणि रखडलेले हप्ते भरले. फार मोठी रक्कम होती असं नाही. पण या वेळी कुणाच्या घरातून गुपचूप काही गेलेलं नव्हतं, हे वहीत दिसत होतं.

ज्या ग्रामसंघांना, गटांना हे करून बघायचं असेल त्यांना आमचं सांगणं एवढंच. सगळ्या कामांना एकदम लावू नका. एक ऑर्डर घ्या, सहा-सात जणी घ्या. फळी नसेल तर दाराच्या मागच्या बाजूला खडूने तीन रकाने आखा. पहिल्याच आठवड्यात थोडासा माल गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि त्याचं ऐका. टप्पा संपला की अर्धा तास बसा. आणि त्या बैठकीत पहिल्यांदा बोलायचं ते पदाधिकाऱ्यांनी, आणि बोलायचं ते स्वतःच्या चुकीबद्दल. हे जमलं तर बाकीचं हळूहळू जमतं. हे जमत नसेल तर फळी टांगूच नका, ती लोकांना धाक दाखवायचं आणखी एक हत्यार होईल. आम्ही ते करून बसलोय.

त्या ताई आठ-नऊ दिवसांनी परत आल्या. कुणी काही विचारलं नाही. त्यांनी भिंतीजवळ जाऊन आपली टिकली एका चिठ्ठीवर लावली आणि कामाला लागल्या. आजही त्या बैठकीत फारशा बोलत नाहीत. पण गेल्या महिन्यात पापडाच्या ऑर्डरच्या वेळी आम्ही सकाळी समाजमंदिर उघडलं, तर मधल्या रकान्यात एक चिठ्ठी आडवी लावलेली होती. खड्याची टिकली. त्यांचीच. त्यांची जोडीदारीण तोवर त्यांच्या घरी पोचलीही होती.

तुमच्या गटात अशी न बोलणारी कोण आहे, ते आज चूल पेटवताना एकदा आठवून बघा. पुढच्या बैठकीला तिच्या शेजारी बसा.